पाक पुढे गेला

सातारा, भाऊबीज, रात्री.

अंगणातला किल्ला आज संध्याकाळी पूर्ण झाला, म्हणजे दिवाळी संपता संपता. यंदा आपला अजिंक्यतारा साऱ्या मंगळवार पेठेत उठून दिसेल, असा शब्द मी पुतण्याला वसुबारसेच्या आधीच देऊन बसलो होतो. नकाशे काढणे हा माझा पेशा असल्यामुळे एक सेंटिमीटरला दहा मीटर असे प्रमाण मी ठरवले, विटा रचून त्यांवर पोती अंथरली, माती लिंपली, आणि मंगळाईच्या बुरुजाची दिशा जराशी चुकल्याचे लक्षात येताच दुसऱ्या दिवशी तो अख्खा तट मोडून काढला. पुढे उताराचा कोन पटेना म्हणून माती पुन्हा खरवडली आणि तिच्याबरोबर नुकतेच मोड आलेले अळीवही गेले. शेजारच्या पोरांनी त्यांचा किल्ला एका दुपारीत उभा केला होता. त्यांचा मावळा दरवाज्याहून उंच आहे आणि खंदकात प्लॅस्टिकची मगर आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या त्या किल्ल्यावर लागल्या आणि आमचा पुतण्याही तिथेच होता.

माझ्या या खोडीला नाव काय द्यावे, हे मी चार दिवस शोधतो आहे. पुस्तकी मराठीत तिला परिपूर्णतावाद म्हणतात, पण त्या शब्दात कोणाचे काही बिघडल्याची खूणच नाही; ती एखाद्या दर्शनाची शाखा वाटते. चोखंदळ, काटेकोर, नेटका हे शब्द पाठ थोपटतात, तर चेंगट हा शब्द सरळ दोष देतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ आला आहे, परंतु त्याच श्लोकात आळशी आणि शठ यांचीही गणना आहे, आणि मी तर कोपरापर्यंत चिखलात होतो. ‘अती शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण बरीच जवळ येते. मात्र त्या बैलाला निदान कोणी दमवलेले नसते.

शब्द घडवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना सुमारे १,४०० संस्कृत पर्याय दिले होते, आणि आमच्या जिल्ह्यातल्या वाईला मराठी विश्वकोश तयार होत असताना १९७६ साली पहिला खंड निघण्याआधी, १९७३ साली परिभाषासंग्रह छापावा लागला होता. त्या बळावर मीही वहीच्या मागच्या पानावर काही शब्द पाडून पाहिले.

पहिला ‘खोडझीज’. उमेदवारीच्या काळात ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाईची रेघ आम्ही ब्लेडच्या कोपऱ्याने अलगद खरवडत असू. पहिल्या खरवडीत रेघ जायची, दुसरीत तिची सावली, आणि ती सावलीची सावलीही नको म्हणून मी तिसऱ्यांदा हात लावला की कागदाला टाचणीच्या डोक्याएवढे भोक पडायचे. दोन दिवसांचे काम त्या भोकातून जायचे. दुसरा ‘उद्यापण’, म्हणजे उद्याचेच असण्याची अवस्था. उद्यापनाने व्रत संपते आणि उद्यापणाने ते कधीच संपत नाही, ही कोटी मला अजूनही आवडते. तिसरा ‘नेटघात’. तो ऐकून पुतण्याने, फोनवर ओटीपी विचारतात तो प्रकार का, असे विचारल्यामुळे त्यावर काट मारली.

चौथा ‘उलटसुरुंग’, आणि तो सरळ गडावरून आला. १७०० साली औरंगजेबाचा वेढा असताना मोगलांनी इथल्या तटाखाली सुरुंग पेरले, त्यांतल्या एका स्फोटाने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढाईसाठी खाली उभ्या असलेल्या त्यांच्याच सैन्याला त्याने गाडले. शब्द दणदणीत आहे, पण माझे तसे होत नाही. सुरुंग एका क्षणात उलटतो. माझ्या किल्ल्यात मात्र धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एक वेळ अशी होती की तो अगदी ठीक होता, अळीव हिरवे दिसू लागले होते, आणि मी हात धुतले असते तर चालले असते.

आज दुपारी आई व्हरांड्यातला चिखल पुसत होती. यंदा रव्याचे लाडू वहिनींनी पहिल्यांदाच एकटीने केले. पाक एकतारी झाला की नाही, हे त्या बोटांच्या चिमटीत धरून पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या, गॅस चालूच राहिला आणि लाडू असे झाले की खलबत्ताच काढावा लागला. आईने त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. “पाक पुढं गेला, होतं असं,” एवढेच म्हणून तिने कोमट दुधाचा हबका मारला आणि लाडू पुन्हा वळून दिले. आज फडके पिळता पिळता तिने माझ्या किल्ल्याकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “तुझाही पाक पुढं गेला बघ.”

वहीतल्या यादीत हे लिहायला मी पेन उघडले, आणि तसेच मिटले. पुतण्याने तेवढ्यात शेजारून ती मगर मागून आणून माझ्या गडाच्या पायथ्याशी ठेवली होती. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मगर. मी ती अजून हलवलेली नाही.