खोलीचा नंबर आणि बाबांची आठवण

(प्रवासातल्या वहीतली पानं. नावं आणि ठिकाणं गाळली आहेत, बाकी जसं लिहिलं होतं तसंच.)

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

छातीतली धडधड आत्ता कुठे थांबली आहे. झोप येणार नाही, म्हणून लिहून काढते.

साडेनऊला खोलीतला फोन वाजला. मी नुकतीच चपला काढून पलंगावर टेकले होते. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं बोलत होता. माझं आडनाव घेतलं, खोली नंबर सांगितला, म्हणाला, "मॅडम, रिसेप्शनवरून बोलतोय. आमची सिस्टिम बंद पडली होती, त्यात तुमच्या कार्डाची नोंद गेली. तुम्ही शुक्रवारपर्यंत आहात ना? एकदा नंबर वाचून दाखवलात तर तुम्हाला खाली यायचा त्रास नको."

मी पर्स उघडली, कार्ड काढलं आणि वाचायला लागले. चार आकडे, मग पुढचे चार. तेवढ्यात तो म्हणाला, "आणि शेवटी मागच्या बाजूचे तीन आकडेही लागतील." तिथे मी थांबले. बँकेच्या काउंटरवर चोवीस वर्षं काढली आहेत मी. ते तीन आकडे कुणी, कितीही गोड बोलून मागितले तरी द्यायचे नाहीत, हे हजारो लोकांना माझ्या तोंडानं सांगितलंय. म्हटलं, "मी खालीच येते, पाच मिनिटांत." फोन कट झाला.

खाली रिसेप्शनवर एकटी मुलगी होती. तिनं फोन केलाच नव्हता. सिस्टिम सकाळपासून नीट चालू होती. माझा चेहरा बघून तिनं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

कार्डाचं फारसं काही बिघडणार नाही, हे मला माहीत आहे. पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून फक्त कार्ड कोणत्या बँकेचं ते कळतं. पण त्याला नाव, खोली आणि शुक्रवार हे तिन्ही कळलं कसं, ते आठवायला मला जिन्यात उभं राहावं लागलं नाही, लगेच आठवलं. सकाळी नाश्त्याच्या दारात यादी घेऊन एक मुलगा उभा असतो. "नाव? खोली?" मी दोन्ही खणखणीत आवाजात सांगितलं, मागे सात-आठ जण रांगेत. मग शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी हसून विचारलं, "किती दिवस आहात?" आणि मी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत. एकटीच आलेय."

ते गृहस्थ वाईट होते असं मी म्हणत नाही. फोन त्यांनी केला की रांगेतल्या कुणी, की तिसऱ्याच कुणी कानावर पडलेलं पुढे सांगितलं, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी चोरून काही घेतलं नाही. मीच दिलं.

बुधवार, दुपार

आज कुठे गेले नाही. खालच्या छोट्या बागेत बाकावर बसून कालचं सगळं पुन्हा पुन्हा घोळवत होते.

बँकेत फोनवर ग्राहकाची ओळख पटवायला आम्ही काय विचारायचो? जन्मतारीख. आईचं नाव. राहण्याचा पत्ता. काही ठिकाणी पहिली शाळा, पाळलेल्या प्राण्याचं नाव. आणि प्रवासात गप्पा कशावरून सुरू होतात? वाढदिवस कधी असतो, आईचं गाव कोणतं, घरी कुत्रं आहे का, कोण सांभाळतंय आता त्याला. प्रश्न तेच आहेत. तिकडे काउंटरच्या काचेमागे त्यांना कुलूप म्हणतात, इकडे गाडीच्या डब्यात त्यांना ओळख वाढवणं म्हणतात.

यातला एकेक तुकडा सुटा घेतला तर निरुपद्रवी. म्हणून तर आपण तो देतो. पण तुकडे जुळतात. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी 2000 साली दाखवून दिलं होतं की पोस्टाचा पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली 87 टक्के माणसं नेमकी ओळखता येऊ शकतात. नाव न विचारता! मी तर नावापासूनच सुरुवात करते.

विमानतळावरचा फोटोही आठवला. बोर्डिंग पास हातात धरून काढलेला, प्रोफाइलला ठेवलेला. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी असाच एक फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव वापरून एका तरुणानं विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधून काढला. त्यानं त्याचा गैरफायदा घेतला नाही, उलट संबंधितांना कळवलं. सगळेच असे नसतात. माजी पंतप्रधानांना जे कुणी सांगितलं नव्हतं ते मला कोण सांगणार? तो सहा अक्षरी क्रमांक आणि आडनाव म्हणजे बऱ्याच विमान कंपन्यांकडे बुकिंगची किल्लीच असते, आणि ती किल्ली आपण छापील कागदावर मिरवतो, खुर्चीच्या खिशात विसरतो, कचऱ्याच्या डब्यात टाकतो. दुपारी तो फोटो काढून टाकला. चार दिवस उशिरा.

बुधवार, रात्र

लेकीचा फोन आला होता. कालचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारलं, "आई, तू आणखी कुणाला काय काय सांगितलंयस?"

मी आठवून सांगितलं. रविवारी संग्रहालयाच्या रांगेत एक जोडपं भेटलं होतं. मनमोकळी, हसरी माणसं. तासभर रांग होती. मी त्यांना हिचा फोटो दाखवला, हिचं नाव सांगितलं, कुठल्या कंपनीत आहे, कोणत्या शहरात एकटी राहते, तेही. अभिमानानं सांगितलं. आईला दुसरं काय असतं सांगण्यासारखं?

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग ती म्हणाली, "तुझं तू सांग ना आई. माझं का सांगितलंस?"

कालच्या फोनपेक्षा हे जास्त लागलं. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी माझ्या जोखमीवर प्रवासाला आलेय. तिनं कसलीच जोखीम पत्करलेली नाही. तिचा पत्ता, तिची नोकरी, तिचं एकटं राहणं हे माझ्या मालकीचं नव्हतं, मी परस्पर वाटून टाकलं. आणि फसवणारे नेमकं हेच हेरतात. प्रवासी विमानात असताना किंवा फोन लागत नसताना त्याच्या घरी फोन करायचा: तुमच्या आईला अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, पळवून नेलंय, ताबडतोब पैसे पाठवा. अपहरण झालेलंच नसतं, फक्त फोन असतो. अमेरिकेच्या एफबीआयनं अशा बनावट अपहरणांबद्दल लोकांना अनेकदा सावध केलंय. फोन खरा वाटतो, कारण त्याला नावं माहीत असतात, गाव माहीत असतं, आई आज कुठे आहे ते माहीत असतं. ती माहिती कुणीतरी रांगेत उभं राहून दिलेली असते.

आम्ही दोघींनी मिळून एक शब्द ठरवला. माझ्या नावानं असा फोन आला तर ती तो शब्द विचारील. इथे लिहीत नाही. तिच्या लहानपणचा आहे, कुठल्या फोटोत नाही, कुणाला सांगितलेला नाही. शब्द ठरवताना ती हसली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

गुरुवार, सकाळ

रात्री नीट झोप लागली नाही. पहाटे वाटलं, आता कुणाशी बोलूच नये. कानात हेडफोन घालावेत आणि मान खाली घालून फिरावं.

पण मग यायचं तरी कशाला इतक्या लांब? इमारती तर घरबसल्या पडद्यावर दिसतात. आणि गप्प राहिल्यानं माणूस सुरक्षित होतो, हेही खरं नाही. काही ठिकाणी सगळं सांगावंच लागतं. डॉक्टरांपासून काहीही लपवायचं नाही. मला पेनिसिलिन चालत नाही, हे मी पासपोर्टच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलंय. रक्तगट, रोजच्या गोळ्या आणि लेकीचा फोन नंबरही त्याच चिठ्ठीत. हॉटेलवाला पासपोर्ट मागतो त्याचा राग धरण्यातही अर्थ नाही. कित्येक देशांत तो कायदाच आहे. इटलीत उतरलेल्या पाहुण्याची माहिती हॉटेलनं 24 तासांच्या आत पोलिसांना कळवायची असते. पण भाड्यानं दुचाकी देणारा दुकानदार "तारण म्हणून पासपोर्ट ठेवून जा" म्हणाला, तर ते वेगळं. त्याला झेरॉक्स चालत नसेल तर मला त्याची गाडी चालणार नाही.

नाश्त्याला गेले. यादीवाल्या मुलाला किल्लीचं पाकीट दाखवलं, नंबर तोंडानं उच्चारला नाही. त्यानं वाचलं, खूण केली, मान हलवली. एवढंच. इतकं सोपं होतं.

गुरुवार, रात्री दहा

आज चार तासांचा गाडीचा प्रवास झाला, जाऊन-येऊन. परतताना समोरच्या बाकावर एक म्हातारी बाई होती. सत्तरी उलटलेली, क्रोशाची सुई हातात, मांडीवर पांढऱ्या दोऱ्याचा गुंडा. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, मला तिची भाषा अजिबात नाही. खिडकीबाहेर पाऊस होता. तिनं तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी गेला. ही विणते ती टोपी त्याच्या मापाची आहे, हाताला तेच माप सवयीचं झालंय, दुसरं येतच नाही.

मग मी बाबांबद्दल बोलले. शेवटच्या आठवड्यात ते मला ओळखत नव्हते, मला "ताई" म्हणून हाक मारायचे, आणि मी त्यांना एकदाही सांगितलं नाही की मी तुमची मुलगी आहे. त्यांना त्यांची बहीण भेटली असं वाटू दिलं. हे मी माझ्या सख्ख्या भावालाही कधी सांगितलेलं नाही. या अनोळखी बाईला, मोडक्या वाक्यांत, हातवाऱ्यांनी, सगळं सांगितलं. तिनं सुई खाली ठेवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

जॉर्ज सिमेल नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ होता. परक्या माणसाबद्दलच्या 1908 च्या निबंधात त्यानं हे टिपून ठेवलंय की जवळच्यांपासून जपून लपवलेल्या गोष्टी लोक परक्यापुढे उघड करतात. कारण परका आपल्या नात्यागोत्यांत गुंतलेला नसतो. आज ते मला अंगानं समजलं.

आणि गाडी बोगद्यात शिरली तेव्हा लक्षात आलं, आयुष्यातली सर्वांत खोल गोष्ट मी हिला दिली, आणि या बाईला मला फसवायचं असतं तरी त्यातलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं. बाबांचं दुःख घेऊन कुणी माझ्या खोलीचं दार उघडू शकत नाही. नाश्त्याच्या दारात मी दिलं होतं ते मात्र अगदी किरकोळ होतं, खोलीचे तीन आकडे आणि एका वाराचं नाव. मी इतकी वर्षं उलटं समजत होते. मनातलं जपायचे आणि खिशातलं सांगून मोकळी व्हायचे.

झालं-गेलं सगळं सांगावंसं वाटतं, सांगावंही. बाबा, नोकरी, पहिला पाऊस, मोडलेलं लग्न, काय वाटेल ते. पण उद्या मी कुठे असेन, रात्री कुठे झोपेन, माझी वाट कुणी बघतंय की नाही, हे मात्र त्याच दिवशी भेटलेल्या कुणाला कळायचं कारण नाही. गाव सोडताना त्या गावाबद्दल बोलावं, पुढच्या गावाबद्दल नाही.

तिनं विचारलंच. "हॉटेल? कुठे?" अगदी सहज, काळजीनं. अंधार पडला होता. माझ्या जिभेवर नाव आलं होतं. रात्रीच्या टॅक्सीवाल्याला मी बेधडक सांगते की मैत्रीण दारात उभी आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही. हिच्याशी खोटं बोलवेना. म्हणाले, "स्टेशनजवळच. लांब चालायचं नाही." तिनं मान डोलावली. तेवढंच तिला हवं होतं, मी अंधारात फार चालणार नाही ना, एवढंच.

उतरताना तिनं पिशवीतून क्रोशाचं छोटं पांढरं फूल काढून माझ्या हातात दिलं. मी आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा कळलं, हाक कशी मारायची तेच माहीत नाही. चार तास जाऊन-येऊन, त्यातले दोन हिच्यासोबत, आणि नाव विचारायचं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

शुक्रवार, सकाळ

बॅग भरली. हँडलला अजून येतानाचा टॅग लटकत होता, घरचा पूर्ण पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरांत, मीच लिहिलेला. कापून काढला. नव्यावर आडनावाचं पहिलं अक्षर आणि ईमेल घातलाय, पत्त्याची चिठ्ठी बॅगेच्या आत, कपड्यांवर ठेवलीय. फूल वहीच्या याच पानात दाबून ठेवतेय. गाडीला अजून पन्नास मिनिटं आहेत.