न्यूकॅसलच्या पोरीला गोडसे भटजींचं याड

इथं इंग्लंडात न्यूकॅसलला लेकीनं लायब्ररीतनं रोझमेरी सटक्लिफचं 'द ईगल ऑफ द नाइन्थ' आणलं. १९५४ चं जुनं पुस्तक, पायानं अधू झालेला एक रोमन अधिकारी वडिलांच्या गायब झालेल्या पलटणीचं गरुडाचं निशाण शोधायला रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीपलीकडं जातो, अशी गोष्ट. ही भिंत इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली, आणि आमच्या घरापासनं गाडीनं जवळच, मग काय, बाईसाहेबांना लगेच बघायचीच होती.

भिंतीजवळ व्हिंडोलांडा म्हणून रोमन छावणीची जागा आहे, तिथं मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईनं लिहिलेली पत्रं सापडलीत. एकात कुणीतरी कुणाला मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्यात! पोरगी खदाखदा हसली. लढाया, सम्राट सगळं राहिलं बाजूला, आता घरी दिवसभर त्या चड्ड्यांचंच कौतुक.

तवाच डोक्यात आलं, आपले गोडसे भटजी हिला आवडणार. आईला कोल्हापुरात शिवाजी पेठेत फोन लावला, म्हटलं आई, त्यांचं 'माझा प्रवास' काढ कपाटातनं आणि रोज थोडं वाचून दाखव हिला व्हिडिओ कॉलवर. पोरगीला मराठी वाचायला जड जातं पण ऐकून सगळं कळतं. आई म्हणाली, "अरे एवढ्याशा पोरीला सत्तावनचं बंड कशाला, शिवरायांच्या गोष्टी सांगते की." पण बसली वाचायला.

भटजी वरसईचे, घरावर कर्ज, दक्षिणा मिळंल म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात आत अडकले. शूरबीर नाहीत बिचारे, जीव मुठीत धरून पळतात, लुटले जातात, उपाशी राहतात. आणि एवढं सगळं होऊन आईवडिलांना आंघोळ घालायला गंगेचं पाणी कावडीनं घरापर्यंत आणतात. लेकीचा प्रश्न, "आज्जी, सांडलं नाही?" तिथं आई अर्धा तास कावड कशी असते तेच सांगत बसली. पुस्तक १९०७ मध्ये भटजींच्या माघारी छापलं गेलं, हेही तिला लई वाईट वाटलं.

माझं मत विचाराल तर पोरांसाठी म्हणून ज्या बारक्या आवृत्त्या काढतात त्यात नेमकं हेच गाळतात, कर्ज, भूक, भीती, आणि उरतो नुसता वीररस. आता आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, पण 'श्रीमान योगी' नाहीतर 'छावा' अख्खं त्या वयाच्या हातात दिलं तर पोरगं जाडी बघूनच पळंल. पन्हाळ्याच्या वेढ्याचा भाग तेवढा वाचा आधी, १६६० चा, भर पावसातनं विशाळगडाकडं निघाले तो.

मे महिन्यात येतोय. आईनं आत्ताच 'स्मृतिचित्रे' काढून ठेवलंय, लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्याबद्दल लिहिलंय ते ऐकून लेक काय प्रश्न विचारणार, याचंच आईला टेन्शन आलंय.