तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर नव्हता, तर पॉलिप काढला कशाला?

नौपाड्यातल्या आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, "डॉक्टर, कॅन्सर नाही म्हणता, मग आतड्यातला पॉलिप काढला कशाला?" तलावपाळीवर सकाळी फिरतानाही हाच प्रश्न येतो. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ.

मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. इतक्या वेगानं पेशी वाढवायच्या तर ब्रेक हवाच. तिथला पहिला ब्रेक म्हणजे एपीसी नावाचं जनुक. त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी काम निभावते, दोन्ही गेल्या की पेशी वाढत सुटतात आणि पॉलिप उगवतो. त्यात पेशीला वाढीचा हुकूम देणारं केरास जनुक बिघडलं, तर ॲक्सिलरेटरच दाबून धरल्यासारखं होतं.

मला सगळ्यात जास्त थक्क करतं ते यापुढचं. वाढीचा हुकूम अतिरेकी झाला की पेशी स्वतःच विभाजन थांबवते. मरत नाही, जिवंत राहते, पण दुभंगत नाही. माणसाच्या पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. कॅन्सरकडे ढकलणाऱ्या जनुकामुळेही पेशी अशीच थांबते, हे १९९७ मध्ये दिसलं. तिला थोपवून धरतात पी५३ आणि पी१६ ही जनुकं. कितीतरी पॉलिप वर्षानुवर्षं लहानच राहतात, त्यामागे हे थांबणंही असतं.

मग राहू द्यायचा का तसाच? नाही. थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते आणि त्यांचा त्रास शेजारच्या पेशींना होतो. शिवाय पी५३ बिघडलं किंवा पी१६ बंद पडलं, की थोपवणारं कुणी उरत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि आपल्या हातात असतो तो हाच काळ.

कोणता पॉलिप थांबून राहील, हे मला स्लाइडवर सांगता येत नाही. रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगात थांबलेली पेशी वेगळी दिसत नाही. तिला ओळखणारा निळा रंग ताज्या किंवा गोठवलेल्या तुकड्यावर करावा लागतो, आणि आमच्याकडे तुकडा येतो तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात बुडून. म्हणून अॅडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा जातीचा पॉलिप दिसला की तो पूर्ण निघालाय ना, एवढं मी डोळ्यांत तेल घालून बघते.

परवा एक काका असाच रिपोर्ट घेऊन बसले होते. घरात आणखी कुणाला आतड्याचा आजार होता का, असं मी विचारलं. म्हणाले, "थोरला भाऊ कळव्याला असायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरनंच गेला." भावाला मुलं आहेत का, विचारलं. दोन आहेत, पस्तिशीच्या पुढची. त्यांनाही कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी करायला सांगा म्हटलं, आणि काकांनी तिथूनच पुतण्याला फोन लावला.