गरम पाण्याविना पहिला आठवडा

पुण्यात रशियन भाषा शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांना जून महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथे उन्हाळी अभ्यासवर्गासाठी पाठवण्यात आले, तेव्हा राहण्याची सोय वसतिगृहात नव्हे, तर स्थानिक कुटुंबांमध्ये केलेली होती. माझ्या वाट्याचे घर सोव्हिएत नेते ख्रुश्चोव्ह यांच्या काळात बांधलेल्या पाच मजली इमारतीत, तेही शेवटच्या मजल्यावर होते, आणि अशा इमारतींना लिफ्ट नसते. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी, नोकरी करणारी त्यांची मुलगी आणि शाळकरी नातू अशी तीन माणसे होती. दारातच माझ्यापुढे सपाता ठेवण्यात आल्या आणि उंबरठ्यावरून हात मिळवणे अशुभ मानले जात असल्याने स्वागत मी आत आल्यावरच झाले. हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आले होते. जे शिकवले नव्हते ते दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आले.

इमारतीच्या प्रवेशद्वारावर सूचना लागली होती की, त्या दिवसापासून चौदा दिवस गरम पाणी बंद राहील. आमच्याकडे अशी सूचना लागली असती तर इमारतभर आरडाओरडा झाला असता. इथे मुलीने ती वाचली, खांदे उडवले आणि माळ्यावरून मुलामा दिलेली दोन मोठी पातेली काढली. या शहरात बहुतेक ठिकाणी गरम पाणी घरोघरी तापवले जात नाही, तर वीजकेंद्रे आणि मोठ्या बॉयलरगृहांतून नळांनी पुरवले जाते. १९२४ मध्ये फोंतांका नदीकाठच्या वीजकेंद्रातून एका इमारतीला अशी उष्णता पहिल्यांदा देण्यात आली आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. उन्हाळ्यात पाणी थांबवून नळांमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाब दिला जातो, म्हणजे कमकुवत नळ जूनमध्येच फुटतो. तोच उणे वीस अंशांच्या जानेवारीत फुटला, तर अख्खी वस्ती गोठेल, असे आजींनी मला बटाटे सोलता सोलता समजावले आणि माझ्या मनातली तक्रार तिथेच विरली.

थंड पाण्याचा नळ चालू होता, पण नेव्हा नदीचे ते पाणी जूनमध्येही बोटे बधिर करणारे असते. आजींना माझी काळजी वाटत होती. उष्ण देशातून आलेली ही बाई आजारी पडणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. मी मात्र एक पातेले तापवून घेतले, बादलीत थंड पाण्यात मिसळले आणि त्यांच्या दांड्याच्या भांड्याने, आपल्याकडे तांब्याने करतात तशी, केसांसकट आंघोळ करून बाहेर आले. एवढ्या पाण्यात हे कसे जमले, हे पाहण्यासाठी आजींनी न्हाणीघरात डोकावून उरलेले पाणी तपासले. मग केस वाळेपर्यंत मला घराबाहेर पडू दिले नाही, त्यामुळे पहिल्याच तासाला मला उशीर झाला.

वर्गात त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूलाच राहिला. वेगवेगळ्या भागांत पाणी वेगवेगळ्या तारखांना बंद होत असल्याने कोणाकडे ते सुरू आहे, कोणाकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे, याचीच चर्चा रंगली. आमच्या प्राध्यापिकाबाई स्वतः टॉवेल घेऊन बहिणीकडे जात होत्या. त्या तासाभरात आम्ही जेवढे सहज रशियन बोललो, तेवढे एरवी बोललो नसतो, असे शिक्षक म्हणून मला प्रामाणिकपणे वाटते.

संध्याकाळी शेपू पेरलेले सूप आणि बकव्हीटची खिचडीसारखी काशा होती. आपल्याकडे कुट्टू म्हणून उपवासाला खाल्ले जाणारे हे धान्य तिथे रोजच्या जेवणात असते. जेवताना आजींनी बहिणीला फोन करून माझ्या अर्ध्या बादलीची हकीकत सविस्तर सांगितली आणि मला जरा अभिमान वाटू लागला. शनिवारी दाचावर, म्हणजे त्यांच्या शहराबाहेरच्या उन्हाळी घरी गेल्यावर, बान्यातली, म्हणजे तिथल्या वाफेच्या न्हाणीघरातली वाफ आणि बर्चच्या डहाळ्यांचा मार सोसून मी लालबुंद होऊन बाहेर पडले, तेव्हा त्यांनी निर्णय दिला की, बादलीने माणूस फक्त धुतला जातो आणि आंघोळ माझी आजच झाली.