तुम्ही विचारलंत म्हणून: बुर्किनीत पोहता येतं का?

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, चेंजिंग रूममधल्या बायका विचारतात, हल्ली आमच्या रत्नागिरीकडच्या भाच्याही विचारतात: बुर्किनी (चेहरा, हात आणि पावलं सोडून सगळं अंग झाकणारा, मुस्लिम बायका घालतात तो पोहण्याचा पोशाख) घालून पोहता येतं का, आणि मुंबईत पूलवाले आत सोडतात का?

सोडतात, कापड बरोबर असेल तर. बहुतेक तलावांवर पाटी सारखीच: नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख, डोक्याला टोपी, उतरण्याआधी शॉवर. सुती कपडा चालत नाही, आणि चालू नयेच. धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, रंग जातो, भिजलेली सलवार पायांना खाली ओढते. नवशिकी बाई तिथेच घाबरते. शॉवर मात्र निम्मे लोक टाळतात. ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो, तो बराचसा क्लोरीन आणि आपला घाम (आणि, माफ करा, लघवी) एकत्र आल्याचा असतो. बुर्किनीने पाणी घाण होतं म्हणत स्वच्छतेचा विषय काढायचाच, तर शॉवरपासून काढू.

आता आमच्या बॅचमध्ये एकदा नजर टाका. निम्म्या बायका पूर्ण बाह्या आणि घोट्यापर्यंत लेगिंग असलेल्या कॉश्च्युममध्ये. शेजारच्या लेनमधल्या काकू म्हणतात, "अगं, ऊन केवढं, काळी पडते ना मी!" त्यांना कुणी धर्म विचारत नाही. टोपी तर पुरुषांनाही सक्तीची. मग माझ्या पोशाखात जास्तीचं काय? चार बोटं मान झाकलेली आणि गुडघ्याच्या वरपर्यंत येणारा झगा. तेवढ्यावरून एका क्लबात मला 'ड्रेस कोड' म्हणून अडवलं होतं. लेखी नियम दाखवा म्हटलं, तर कापड आणि टोपी, यापलीकडे त्यात काही नव्हतं.

'फ्रान्समध्येसुद्धा बुर्किनी चालत नाही' हा दाखला हमखास येतो. तिथेही बारकावा आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका गावाने समुद्रकिनाऱ्यावर बुर्किनीला घातलेली बंदी स्थगित केली; २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रनोबल शहराला तलावांत बुर्किनीसाठी सवलत देऊ दिली नाही. पण तिथल्या तलावांत पुरुषांच्या ढगळ चड्ड्याही चालत नाहीत. आपल्याकडे ढगळ बर्म्युडा घालून उड्या मारणारे दादा कुणाला खुपत नाहीत, म्हणून तो दाखला मला इथे पटत नाही.

राहिलं पोहणं. सिडनीच्या आहेदा झानेटींनी २००४ मध्ये हा पोशाख काढला तो पॉलिएस्टरचा; ते पाणी फारसं धरत नाही. उडी मारली की झग्यात हवा भरते, म्हणून आतल्या नाड्या विजारीला नीट बांधा. फ्रीस्टाइल छान जमतं, वेग थोडा कमी. पाठीवर पोहताना टोपीत पाणी शिरून कानाशी बुडबुडतं, त्याची सवय होते. मनगटाशी घट्ट असलेलाच घ्या आणि घरी येऊन लगेच साध्या पाण्यातून काढा. बटरफ्लाय मात्र पहिल्या महिन्यात नको, खांदे भरून येतात.