काकू रोज चालत होत्या

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात एका शनिवारी सकाळी एक काकू सुनेबरोबर आल्या. वय ६७. डाव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, बोटं सुजलेली, मूठ वळत नव्हती. कचराळी तलावावर फिरताना पावसात पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. चालता-चालता पडून या वयात हाड मोडलं, तर हाडांची घनता तपासायचीच असते. त्यांच्या डॉक्टरांनी ती तपासून घेतली होती. डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीच्या रिपोर्टवर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.८ होता. उणे २.५ पासून खाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरतात.

काकूंना मनगटापेक्षा त्या आकड्याचा त्रास जास्त होत होता. "मी रोज तासभर चालते हो. नाचणी खाते, दूध घेते. मग माझीच हाडं कशी ठिसूळ?" सूनबाईंनी काळजीपोटी घरात सगळ्यालाच बंदी घातली होती. फिरायला जायचं नाही, भाजीची पिशवी उचलायची नाही, आईंनी आता फक्त बसायचं.

मनगटाला हात लावण्याआधी मी काकूंना बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं. हात छातीशी घ्या आणि अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येईल तितकं करा. पहिल्यांदा उठल्या. तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या. वेळ संपली तेव्हा पाच झाले होते; पासष्टी ओलांडलेल्या बाईला निदान अकरा जमावेत अशी अपेक्षा असते. काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, चालताना तर मला काहीच होत नाही!"

तेच तर मला त्यांना दाखवायचं होतं. चालणं हृदयाला, साखरेला, झोपेला फार चांगलं. ते सोडू नका असंच मी सांगितलं. पण हाडाला सवयीचा भार कळेनासा होतो. हाडाच्या आतल्या पेशींना ताण जाणवतो आणि नेहमीपेक्षा जास्त ताण आला तरच नवं हाड बांधायचा निरोप जातो. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं. टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळवीरांच्या कंबर-खुब्याच्या हाडांतून महिन्याला साधारण एक टक्का घनता जाते, कारण तिथे वजनच नसतं. काकूंना खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे त्याच वाटेनं जाणं, हे मी सूनबाईंना जरा स्पष्टच सांगितलं.

"पण वजन उचलून मणका मोडला तर?" त्यांची भीती खरी होती. एकट्यानं, व्हिडिओ बघून करायची ही गोष्ट नव्हेच. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठानं हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांकडून आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलून घेतली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. काकू करत होत्या ती पुढे वाकायची आसनं मात्र मी त्याच दिवशी थांबवली. पश्चिमोत्तानासनात विरळ झालेल्या मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो तिथेच चेपतो.

मग सूनबाईंनी कोरोनापासून प्रत्येक घरात विचारला जाणारा प्रश्न विचारला. आईंना सारखा खोकला होतो, इतक्या श्रमानं प्रतिकारशक्ती कमी नाही का होणार? व्यायामानंतर तासा-दोन तासांनी रक्तातल्या संरक्षक पेशी कमी दिसतात, त्यावरून ही समजूत पसरली. पण आज अनेक संशोधकांचं म्हणणं असं की त्या पेशी नष्ट होत नाहीत, फुप्फुसांसारख्या अवयवांकडे पहाऱ्याला जातात. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ५५ ते ७९ वयाच्या हौशी सायकलस्वारांच्या रक्तात नव्यानं तयार झालेल्या टी-पेशी (संरक्षक पेशींचाच एक प्रकार) तरुणांइतक्या आढळल्या. आणि या पेशींचा उगम कुठे, तर हाडातल्या मज्जेत. उंदरांवरच्या २०२१ च्या एका अभ्यासात, धावण्याच्या हादऱ्यांनी मज्जेतल्या ज्या पेशी जाग्या होतात त्या नवं हाडही घडवतात आणि संरक्षक पेशींच्या पूर्वजांना आधारही देतात, असं दिसलं. माणसाबद्दल तेवढ्यावरून बोलता येत नाही, पण मला हा दुवा फार मोलाचा वाटतो. ताप असेल त्या दिवशी मात्र विश्रांतीच.

काकू आता मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. सुरुवात खुर्चीतून उठण्यानं, मग पायरी चढणं, मग एका पायावर तोल, मग हातात डंबेल. डॉक्टरांचं औषध आणि ड जीवनसत्त्व चालूच आहे. व्यायाम त्याच्या जागी नाही, जोडीला आहे. पुढच्या डेक्सात आकडा खूप बदलेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही, निसटणारं हाड थांबलं तरी ती कमाई आहे. पण खुर्चीतून त्या अर्ध्या मिनिटात बारा वेळा उठतात आणि भाजीची पिशवी पुन्हा स्वतः आणतात. सूनबाई बेचाळीस वर्षांच्या आहेत. पाळी जाण्याच्या आसपासची काही वर्षं हाडांच्या सर्वांत झपाट्यानं होणाऱ्या झिजेची असतात हे कळल्यापासून शुक्रवारी त्याही सासूबाईंच्या शेजारी डंबेल घेऊन उभ्या राहतात.