मालवणच्या जेटीवर गळ टाकायला जाताय? आधी तिथी बघा

माणशी ७०० रुपये, म्हणजे मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा मिळून १४००. आमिषाचे २०० वेगळे. तीन तासांत हाती आले तीन केंड मासे आणि बोटभर गोबरा, तोही परत पाण्यात सोडला. पोराला "मालवणला मासे पकडू" असं कबूल करून बसलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितोय.

डिसेंबरात सांगलीहून चार दिवसांसाठी गेलो होतो. किल्ला, तारकर्ली, देवबाग सगळं छान झालं, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. घोळ झाला शेवटच्या दिवशी. उतरलो होतो तिथल्या ओळखीने गळ टाकायला नेणारा एक जण भेटला. म्हणाला, "साहेब, सकाळी दहाला या. दीड-दीड किलोची तांबोशी लागते." पोराला रात्रभर झोप नाही.

सकाळी दहाला ती जेटी म्हणजे एसटी स्टँड. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या भरतायत, सुटतायत, इंजिनांनी पाणी ढवळून निघतंय, आणि मागे तिकिटाची रांग. आम्हाला उभं केलं पायऱ्यांच्या कडेला. खाली कमरेएवढं पाणी आणि तळाला खडक. पहिल्या अर्ध्या तासात दोन गऱ्या (गळाचे आकडे) खडकात अडकून तुटल्या, त्यांचे प्रत्येकी ५० रुपये त्याने तिथेच मागून घेतले. आमिष म्हणून दिलेली कोलंबी आदल्या दिवशीची, हाताला लागताच गळून पडणारी.

मग आले केंड. या माशाचे दात पोपटाच्या चोचीसारखे असतात, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) असा कापतो की ओढ जाणवेपर्यंत गरी गायब. अशा आणखी चार गेल्या. जे तीन वर आले ते फुग्यासारखे फुगले. पोरगा खूश झाला आणि विचारू लागला, घरी न्यायचे का? केंड विषारी आहे, शिजवूनही विष जात नाही. गरीसकट पाण्यात सोडायला लागलं तरी चालेल, पण पिशवीत घालू नका.

अकराच्या सुमारास शेजारी जाळं विणत बसलेले एक आजोबा बोलले, "आज अष्टमी, भांगाचा पाणी. आता सुकती असा. ह्या वेळार मासो गावाचो नाय." म्हणजे अष्टमीला भरती-ओहोटीचा जोर कमी, त्यात आता ओहोटी, मासा मिळायचा नाही. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि रागही आला. ज्याने पैसे घेतले त्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

हिशोब सोपा आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती, बाराला पूर्ण ओहोटी, संध्याकाळी सहाच्या पुढे पुन्हा भरती. आम्हाला बोलावलं दहाला, पाणी उतरत असताना! अष्टमीला संध्याकाळी पाचनंतर किल्ल्याच्या होड्या थांबतात आणि पाणीही चढत असतं. जायचं तर तेव्हाच. आमची गाडी दुपारी दोनची होती, ती वेळ हातची गेली. पौर्णिमा-अमावास्येला भरती ऐन दुपारी, होड्यांच्या गर्दीत, तेव्हा जेटीचा नाद सोडा. हा हिशोब पाऊण-एक तास पुढेमागे होतो, तेवढी सवड ठेवा.

भाड्याचं सामान घेऊ नका. तंगूस, पाच-सहा गऱ्या आणि शिसं बाजारात दीडशे-दोनशेत मिळतं, रॉड लागत नाही, दोर हातानेच टाकायचा. केंड असतात तिथे गरीच्या वर वीतभर स्टीलची बारीक तार बांधा. आमिषाला सकाळी मासळी बाजारातून ताजे पेडवे मासे किंवा सुंगटं (कोलंबी) घ्या. शिंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका, त्याचा काटा लागला की हात ठणकत राहतो. पायऱ्यांना शेवाळ असतं, पट्टा नसलेली चप्पल नको.

पैसे आधी देऊ नका. "दीड किलोची तांबोशी" म्हणणाऱ्याला एकच विचारा, आज भरती किती वाजता? उत्तर लगेच आलं नाही तर पुढे चला.

पोरगा परतीच्या वाटेवर फोंड्यापर्यंत बोलला नाही. मग विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी संध्याकाळी सहाला जायचं ना?" तुटलेला तंगूस त्याने खिशात ठेवला होता.